घड्याळ पोरांच्याच हातात

सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर (कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान) आमची पळण्याची प्रॅक्टिस चालते. नव्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘सर, मेडल कधी?’ मग मी आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव काढतो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या. बघणाऱ्याला कंटाळा आला तर चालतं, पळणाऱ्याला येऊन भागत नाही.

स्टॉपवॉच मी पळणाऱ्या पोराच्या जोडीदाराच्या हातात देतो, वही मात्र ज्याची त्याने लिहायची. परवा सातवीतला एक पोरगा वळणावरचे मार्कर सोडून आतून पळाला. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. वहीत त्याने वेळ लिहिली, मग तिच्यावर काट मारली आणि शेजारी खरडलं, ‘आतून पळालो.’

शाबासकी वगैरे दिली नाही. खरं बोलण्याला बक्षीस लावलं की पोरं त्याचंही नाटक करायला लागतात, हा माझा अनुभव. ‘चल, ती फेरी पुन्हा,’ एवढंच म्हणालो. जाम वैतागला, पण पळाला. वेळ चार सेकंदांनी जास्त लागली. तीही लिहिली, तोंड वाकडं करून.