तुम्ही विचारलंत म्हणून : चित्रात राजकारण कशाला आणता?

कलासमीक्षा लिहिणाऱ्यांना एक प्रश्न हमखास येतो. "चित्र चित्रासारखं बघा की, त्यात राजकारण कशाला आणता?" याचीच उलटी बाजूही तेवढ्याच वेळा ऐकू येते. "जगात एवढं चाललंय आणि तुम्ही रंगरेषांवर काय लिहीत बसलात?" दोन्ही विचारणाऱ्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं : कला एकीकडे, समाज दुसरीकडे, आणि समीक्षक या दोघांची गाठ घालून देणारा. मला हे मुळातच पटत नाही. राजकारण बाहेरून आणावं लागत नाही. कामाच्या वजनात, मापात, सामानात, शेजारच्या पाटीवर आणि खर्च कुणी उचलला त्यात ते आधीच असतं. नेमकं कुठं आहे ते बोट ठेवून दाखवता आलं तर लिहावं, नाहीतर लिहू नये.

अमेरिकी कलावंत फेलिक्स गोंझालेझ-टोरेस यांचं 1991 मधलं एक काम घ्या. खोलीच्या कोपऱ्यात रंगीत चकचकीत कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग. बस, एवढंच. आदर्श वजन 175 पौंड, म्हणजे सुमारे 79 किलो. बघणाऱ्यानं हवी तर एक गोळी उचलायची, खायची. ढीग कमी होत जातो आणि तो पुन्हा भरता येतो. नावात कंसात लिहिलंय की हे रॉसचं व्यक्तिचित्र आहे. रॉस लेकॉक हा कलावंताचा जोडीदार. तो त्याच वर्षी एड्सनं गेला. आता ते 79 किलो वेगळे दिसायला लागतात. रोज थोडं थोडं घटणारं वजन म्हणजे त्या आजारात झिजत गेलेलं शरीर, आणि ते झिजवण्यात आपलाही हात आहे, अगदी गोडीनं. याच्या चारच वर्षं आधी, 1987 मध्ये, अमेरिकी सिनेटनं एक दुरुस्ती प्रचंड बहुमतानं मंजूर केली होती : समलैंगिकतेला उत्तेजन मिळेल अशा एड्सविषयक प्रचारसाहित्यावर सरकारी पैसा खर्च करायचा नाही. ढिगात कुठंही घोषणा नाही, कुणाचा चेहरा नाही. तरी हे काम त्या ठरावाच्या समोर उभं आहे, आणि ते समोर उभं आहे हे सांगायला तुम्हाला आधी किलो मोजावे लागतात.

याच कामाची पुढची गोष्ट मला समीक्षेच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची वाटते. 2022 मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयात ढिगाशेजारच्या पाटीवरचा मजकूर बदललेला लोकांच्या लक्षात आला. वजनाची माहिती होती, पण एड्सचा आणि त्या दोघांच्या नात्याचा उल्लेख गळला होता. टीका झाली, संग्रहालयानं मजकूर पुन्हा बदलला. गोळ्या त्याच, कोपरा तोच. पाटीवरची दोन वाक्यं गेली की एका माणसाचं मरण गेलं, उरला फक्त फुकट गोळ्यांचा ढीग.

म्हणून पाटी हा कामाचाच भाग धरायचा, पण वाचायची शेवटी. पहिली वीस मिनिटं तिच्याकडे बघायचंही नाही. या वेळात वहीत उतरवायचं ते असं : माप, सामान, जमिनीपासूनची उंची, उजेड कुठून येतो, आवाज आहे का, लोक किती वेळ थांबतात, कुठं वाकतात, कुठून घाईनं निघतात, रखवालदार कशाजवळ उभा आहे. मग पाटी हातानं शब्दन् शब्द उतरवायची. फोटो काढून भागत नाही, कारण क्रियापदं हातानं लिहिताना खुपतात. "अनेक जण मारले गेले", "वस्त्या रिकाम्या झाल्या", "कामं हरवली". कुणी मारलं, कुणी रिकाम्या केल्या? कर्मणी प्रयोगात आणि 'झाल्या', 'हरवली' अशा क्रियापदांत करणारा लपवायची सोय असते, आणि संग्रहालयांच्या भिंतींवर ती पुरेपूर वापरली जाते. करणारा गळालेली प्रत्येक ओळ अधोरेखित करून ठेवा. लेखाचा गाभा पुष्कळदा तिथंच सापडतो.

सामानाचंही तेच. चिनी कलावंत आय वेवे यांनी 2010 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात चिनी मातीच्या 10 कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. जिंगडेझेन या कुंभारकामाच्या शहरातल्या सुमारे 1600 लोकांनी त्या हातानं रंगवल्या होत्या. सुरुवातीला त्यावरून चालायची मुभा होती. काही दिवसांतच ती बंद झाली, कारण पायांखाली घासून बियांमधून धूळ उडत होती आणि ती छातीत जाणं धोक्याचं होतं. बहुतेक लेखनात ही धूळ 'दुर्दैवी अडचण' म्हणून एका ओळीत संपली. माझ्या मते ती त्या कामाचा सगळ्यात बोलका भाग होती. प्रेक्षकांना काही दिवसांत जी धूळ नको झाली, ती बिया करणाऱ्यांच्या वाट्याला किती आली, त्यांना मजुरी काय मिळाली, हे विचारल्याशिवाय 'सामूहिक श्रमाचा गौरव' असं लिहिताच येत नाही. पुढं प्रदर्शन चालू असतानाच, एप्रिल 2011 मध्ये, चीन सरकारनं कलावंताला अटक केली आणि 81 दिवस डांबून ठेवलं. त्यानंतर त्यांच्या कामाकडे धैर्याच्या चष्म्यातूनच बघितलं जाऊ लागलं. धैर्याला मान द्यावाच, पण ते मजुरीच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

पैशाकडे वळताना फार सांभाळावं लागतं. हान्स हाके या कलावंतानं 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयासाठी एक काम केलं. एका घरमालकाच्या साखळीतल्या मालमत्तांचे 142 फोटो आणि प्रत्येकासोबत टंकलेलं टिपण : पत्ता, कागदोपत्री मालक, गहाण, करासाठीचं मूल्य. सगळं सरकारी दप्तरातल्या खुल्या नोंदींमधून घेतलेलं, एकही विशेषण नाही. संचालकांनी प्रदर्शनच रद्द केलं, आणि कलावंताची बाजू घेणाऱ्या क्युरेटरची, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणाऱ्याची, नोकरी गेली. इथवर पक्कं आहे. पण तो घरमालक संग्रहालयाच्या विश्वस्तांशी लागेबांधे असलेला होता असंही अधूनमधून लिहिलं जातं, आणि त्याला काहीही आधार नाही. गोष्ट जास्त रंगतदार होते म्हणून ते वाक्य शिरतं, आणि ज्या कामानं एकही आरोप न करता फक्त नोंदी मांडल्या त्याच कामाला ते खाली ओढतं. आभाराची भिंत, वार्षिक अहवाल, विश्वस्तांची यादी एवढं बघायचंच. त्यातलं नाव लेखात घ्यायचं ते त्याचा समोरच्या कामाशी धागा कागदावर दाखवता आला तरच. कधी तो उघडच असतो. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात, फॉरेन्सिक आर्किटेक्चर या गटानं अश्रुधुराच्या नळकांड्यांचा माग काढणारी फिल्म दाखवली. ती नळकांडी बनवणाऱ्या कंपनीचे मालक त्याच संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचे उपाध्यक्ष होते. जुलैमध्ये त्यांनी पद सोडलं.

सगळ्यात जास्त समीक्षा फसते ती वाद पेटल्यावर. 2017 मध्ये, याच व्हिटनीत, डेना शुट्झ यांचं 'ओपन कास्केट' हे चित्र लागलं. 1955 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार मारलेल्या 14 वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचं शवपेटीतलं चित्र. त्याच्या आईनं पेटी उघडी ठेवायचा आग्रह धरला होता, माझ्या मुलाचं काय केलं ते सगळ्यांना दिसू दे म्हणून. ते फोटो छापले गेले आणि देश हलला. चित्रकार गोऱ्या. एक कृष्णवर्णीय कलावंत प्रेक्षकांकडे पाठ करून चित्रासमोर उभा राहिला, चित्र काढून नष्ट करा असं जाहीर पत्र निघालं. काही दिवसांत ढिगानं लेख आले : बाजूचे, विरुद्धचे. त्यांतल्या कितीतरी लेखांत चेहरा कसा रंगवलाय याची एक ओळही नव्हती. चेहऱ्याच्या जागी तपकिरी रंगाचा जाड, उंचवट्यांचा थर आहे, त्यातून फटकारे ओढलेले, आणि खाली सदऱ्याचा पांढरा बराच शांत. फोटोत जखम ही जखमच राहते. इथं ती हाताच्या कौशल्यात विरघळते. आईनं जे उघडं ठेवलं ते रंगानं पुन्हा झाकलं, असं माझं मत आहे. हे मत चित्रकार कोण यावरून ठरत नाही. तो प्रश्नही खराच आहे, पण वेगळ्या परिच्छेदात. दोन्ही एकात कालवले की दोन्ही हातातून निसटतात.

मसुदा झाला की दोन-तीन शब्द शोधून काढा. 'प्रश्न उपस्थित करते' : कोणता? प्रश्नचिन्हासकट लिहा, जमलं नाही तर वाक्य खोडा. 'अस्वस्थ करते' : कुणाला, कामाच्या कोणत्या भागामुळं? मग एखादा परिच्छेद घेऊन त्यातलं कामाचं नाव बदलून त्याच विषयावरच्या दुसऱ्या कुणाचं घाला. परिच्छेद तसाच चालत असेल तर तुम्ही विषयावर लिहिलंय, कामावर नाही. हजार शब्दांच्या लेखात तीनशे तरी निव्वळ वर्णनाचे हवेत, आणि निकाल त्यांच्यानंतर. कलावंताला तपशील विचारून पडताळा, पण मसुदा दाखवू नका. त्याच्या कॅटलॉगात पैसे घेऊन लिहिलं असेल तर परीक्षण दुसऱ्याला करू द्या.

आणि लेख पाठवण्याआधी एकदा परत जा. वर्णनाची वाक्यं एकेक करून कामासमोर, मनातल्या मनात वाचा. समोर दिसत नाही ते खोडा. 'लाल' म्हणून लिहिलेला रंग बऱ्याचदा विटकरी निघतो, आणि 'रक्तासारखा' हा शब्द त्या 'लाल'वर उभा असतो.