संपादन करताना कविता आटते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नव्यानं लिहिणारी बरीच मुलं मला हेच विचारतात: पोटापाण्यासाठी शिकवायचं, वर दुसऱ्यांच्या कविता निवडायच्या, छापायच्या, यात स्वतःची कविता आटत नाही का? अशा वेळी मला अमेरिकन कवी आणि संपादक केव्हिन यंग आठवतात.

यंग १९७० साली नेब्रास्कातल्या लिंकन शहरात जन्मले. हार्वर्ड विद्यापीठात आयरिश कवी शेमस हीनींकडे शिकले. त्याच काळात ते डार्क रूम कलेक्टिव्ह या लेखकांच्या गटात आले. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांच्या अंत्यविधीहून परतलेल्या काही तरुण कृष्णवर्णीय लेखकांनी अमेरिकेतल्याच केंब्रिजमधल्या एका घरात हा गट सुरू केला होता. मोठ्या लेखकांना तिथे बोलवायचं, त्यांच्यासोबत आपलंही वाचायचं. नताशा ट्रेथवे आणि ट्रेसी के. स्मिथ याच गटातल्या. पुढे दोघी अमेरिकेच्या पोएट लॉरिएट, म्हणजे राष्ट्रकवी, झाल्या. कवितेसाठी चार माणसं जमवायची सवय यंग यांना विशीतच लागली, आणि त्यांचं संपादन मला त्या सवयीचंच पुढचं रूप वाटतं.

'मोस्ट वे होम' हा त्यांचा पहिला संग्रह १९९५ साली आला. नॅशनल पोएट्री सीरिज या कवितांची हस्तलिखितं निवडून छापणाऱ्या उपक्रमासाठी तो निवडला होता कवयित्री ल्यूसिल क्लिफ्टन यांनी. क्लिफ्टन २०१० मध्ये गेल्या. दोन वर्षांनी त्यांच्या समग्र कवितांचं सातशेहून जास्त पानांचं पुस्तक निघालं, आणि मायकल ग्लेझर यांच्यासह त्याचे संपादक होते यंग. जिनं आपलं पहिलं हस्तलिखित उचललं तिची ओळन् ओळ पुढच्या वाचकांसाठी लावून ठेवायची, याला मी वेळ वाया घालवणं कसं म्हणू?

दुसरी गोष्ट त्यांच्या वडिलांची. २००४ मध्ये ते अचानक गेले. त्यांच्यावरच्या काही कविता यंग यांच्या 'डिअर डार्कनेस' या संग्रहात आल्या, पण दुःख तेवढ्यानं सरलं नव्हतं. २०१० मध्ये यंग यांनी 'द आर्ट ऑफ लूझिंग' हा शोककवितांचा संग्रह संपादित केला, इतरांनी आपापलं माणूस गमावून लिहिलेल्या कवितांचा. त्यांचं स्वतःचं 'बुक ऑफ अवर्स' आलं २०१४ मध्ये, वडील गेल्यावर दहा वर्षांनी. त्यात वडिलांच्या कुत्र्यांवर एक कविता आहे. ती कुत्री रोज उठून त्यांचा आवाज शोधतात. ती कविता मी पुन्हा पुन्हा वाचते. शोकाचं एवढं वाचन करूनही आवाज इतका साधा राहिलाय. माझ्या मते, त्या वाचनामुळेच राहिला असावा.

बाकीची पदं मोठी आहेत, पण थोडक्यात सांगते. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात प्राध्यापकी, तिथल्या सुमारे ७५,००० पुस्तकांच्या कवितासंग्रहालयाची जबाबदारी, न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या शोम्बर्ग सेंटर या कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीवरच्या संशोधन-ग्रंथालयाचं संचालकपद, २०१७ पासून 'द न्यू यॉर्कर' या साप्ताहिकाचं कविता-संपादन. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयाची सूत्रं हाती आली (२०२५ पर्यंत ती त्यांच्याकडे होती) आणि त्याच वर्षी 'स्टोन्स' हा नवा कवितासंग्रहही आला. लुईझियानातल्या पूर्वजांच्या थडग्यांभोवती फिरणारा.

वाचायचे झाले तर 'बुक ऑफ अवर्स'पासून सुरुवात करा. मग लगेच क्लिफ्टन घ्या.