मधला शनिवार

गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या सासूबाई प्रभूत निजल्या. मूठमाती देऊन आम्ही घरी परतलो, तेव्हा सात वर्षांची आमची धाकटी आजीच्या रिकाम्या पलंगाकडे पाहून रडू लागली. मी तिला जवळ घेतले आणि म्हटले, "रडायचं नाही बाळा, आजी प्रभूजवळ गेली आहे, ती आता आनंदात आहे." ती लगेच गप्प झाली आणि तिची समजूत पटली असे मी धरून चालले.

तीन महिन्यांनी, १८ एप्रिलला, उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, बारा ते तीनची उपासना आटोपून आम्ही सदर भागातून घरी निघालो होतो. नागपूरच्या एप्रिलमधली दुपारची साडेतीनची वेळ होती, रस्ता तापलेला होता आणि धाकटी स्कूटरवर माझ्या पाठीला टेकून बसली होती. तिने विचारले, "मम्मी, उद्या येशू कुठे असतो?" मी म्हटले, "कबरेत." तिने विचारले, "एकटाच?" मी घाईने म्हणाले, "अगं, परवा उठणार आहे ना तो!" त्यावर ती म्हणाली, "परवाचं नाही विचारलं. उद्याचं विचारलं."

जानेवारीत मी काय केले होते ते मला त्या क्षणी कळले. माझ्या लेकीचे दुःख तिला नीट उमगण्याआधीच मी त्यावर पुनरुत्थानाचे झाकण ठेवले होते. मी सांगितले ते खोटे नव्हते, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मी ते सांगितले ते तिचे रडणे मला सहन होत नव्हते म्हणून. त्या दिवसापासून मला असे वाटू लागले आहे की ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात आपण ख्रिस्ती कुटुंबे सर्वांत जास्त दुर्लक्ष शनिवारकडे करतो, आणि मुलांना सर्वांत जास्त गरज असते तीही शनिवारचीच.

आपल्या शहरात असे होण्याला थोडा इतिहासही कारणीभूत असावा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी येथेच, नागपुरात, सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. माझे माहेर अँग्लिकन परंपरेतले. तेथे राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जाई आणि या सप्ताहातल्या प्रत्येक दिवसाला स्वतःचे वाचन असे. सासर स्कॉटिश मिशनच्या वळणाचे. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने सणवारांना पूर्वी फारसे महत्त्व दिले नव्हते, आणि सासरेबुवांच्या लहानपणी घरात उपासतापास असे काही नसे. वचन वाचावे, प्रार्थना करावी, एवढेच. दोन्ही घरांचे मिळून जे उरले त्यात झावळ्यांचा रविवार आला, उत्तम शुक्रवार आला, ईस्टर तर आलाच, आणि शनिवार मात्र बाजारहाटाचा दिवस होऊन बसला. त्या दिवशी केकची ऑर्डर आणायची, मटण सांगून ठेवायचे, मुलांच्या कपड्यांना इस्त्री करायची. माझाही शनिवार कित्येक वर्षे याच कामांत गेला आहे.

शुभवर्तमानांत त्या दिवसाबद्दल फार थोडे सांगितले आहे. मत्तय लिहितो की मुख्य याजक आणि परूशी हे यहुदी धर्मपुढारी रोमी सुभेदार पिलाताकडे गेले, आणि त्यांनी धोंडेवर शिक्का मारून कबरेवर पहारा बसवला. लूक तर अर्ध्याच वाक्यात सांगतो की शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या आठवडी विसाव्याच्या दिवशी, येशूमागून आलेल्या स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. ही आज्ञा मुलांना समजावून सांगितली की सारा प्रसंग त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागला. येशूने तिसऱ्या प्रहराच्या सुमारास प्राण सोडला, म्हणजे सगळे उरकायला हाती दोन-तीन तासच होते. त्यातच अरिमथाईकर योसेफाने पिलाताकडे जाऊन देह मागायचा, तो खाली काढायचा, तागाच्या वस्त्रात गुंडाळायचा आणि स्वतःसाठी खोदून ठेवलेल्या नव्या कबरेत ठेवायचा, हे सगळे झाले. गालीलाहून आलेल्या स्त्रिया मागोमाग गेल्या, देह कसा ठेवला ते त्यांनी नीट पाहून घेतले, घरी येऊन सुगंधी द्रव्ये तयार केली, आणि मग त्यांना थांबावे लागले. सामान तयार होते, कबर कोठे आहे हे ठाऊक होते, तरीही तो पूर्ण दिवस त्या घरात बसून राहिल्या.

आपल्याकडे मयत झालेल्या घरातला दुसरा दिवस ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. पाहुणे पांगलेले असतात, शेजाऱ्यांनी पाठवलेल्या जेवणाचे डबे धुऊन ओट्यावर पालथे पडलेले असतात, आणि करायला काहीच उरलेले नसते.

गेल्या वर्षीच्या त्या शनिवारी मी बाजारात गेले नाही. आम्ही मोठे काही ठरवले नव्हते. सकाळी टीव्ही लावला नाही, मोबाइल दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवले, आणि नाश्ता झाल्यावर लूकच्या तेविसाव्या अध्यायाचा शेवट वाचला. नंतर योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातला निकदेमाचा भाग वाचला. पूर्वी येशूकडे रात्री लपून आलेला हा माणूस आता दिवसाढवळ्या गंधरस आणि अगरू घेऊन येतो. त्याचे वजन शंभर रोमन पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने बत्तीस-तेहतीस किलो भरते. थोरल्याने विचारले, "तांदळाच्या कट्ट्याएवढं?" मी हो म्हटल्यावर तो स्वयंपाकघरात गेला, तीस किलोचा कट्टा त्याने दोन्ही हातांनी उचलून पाहिला, त्याला तो हलला नाही, आणि तो परत येऊन काही न बोलता बसला. इतक्या वर्षांच्या संडेस्कूलमध्ये निकदेम त्याला जितका कळला नव्हता तितका त्या एका क्षणात कळला असावा.

दुपारी कूलर काढला. नागपुरात एप्रिलचा तिसरा आठवडा म्हणजे कूलरला उशीरच झालेला होता. सासूबाईंना गवताच्या ताट्या कधी चालल्या नाहीत, त्यांना वाळ्याच्याच लागत, म्हणून यांनी त्याच आणल्या होत्या. पहिले पाणी सोडले आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला, तेव्हा धाकटी म्हणाली, "आजीचा वास आला." या वेळी मी काहीच सांगितले नाही. ती रडली, मीही रडले, आणि माझे सासरे, जे पत्नीच्या मातीलाही कोरड्या डोळ्यांनी उभे होते, खुर्चीवरून उठून तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसले. कूलरचा आवाज तेवढा चालू होता.

"एकटाच?" या तिच्या प्रश्नाचे उत्तर मला संध्याकाळी सुचले, आणि ते आपण दर रविवारी म्हणतो त्या मतांगिकारातच, आपल्या विश्वासाच्या कबुलीतच, होते. त्याला वधस्तंभी खिळले, तो मरण पावला, त्याला पुरले, तो अधोलोकात उतरला. तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला. यातले उतरण्याचे वाक्य शनिवारचे आहे. मी तिला सांगितले की जेथे मेलेली माणसे असतात तेथे येशूही गेला, म्हणून तो एकटा नव्हता, आणि तेथे असलेले कोणीही आता एकटे नाही. तिने विचार करून विचारले, "म्हणजे आजी जाईल तिथलं त्याला आधीच माहीत होतं?" मी हो म्हटले. ईश्वरविज्ञान मी शिकलेले नाही, पण हे उत्तर चुकले असे मला आजही वाटत नाही.

सप्ताहातल्या इतर दिवसांविषयी थोडक्यात लिहिते. झावळ्यांच्या रविवारी मुलांना होसान्ना या शब्दाचा अर्थ अवश्य सांगावा. आपण तो जयघोष म्हणून गातो, पण मुळात ती येशूला यरुशलेमेत येताना पाहून गर्दीने मारलेली 'आम्हांला तार' अशी हाक आहे, आणि मग शुक्रवारी गर्दी काय ओरडली हे वाचताना मुले आपणहून गंभीर होतात. सोमवार ते बुधवार शाळा आणि कामे असतात. रात्री दहा मिनिटांचे वाचन पुरते. गेल्या वर्षी सोमवारी १४ एप्रिल होता, संविधान चौकात रात्रभर गर्दी होती, आणि आमच्या गल्लीतल्या निळ्या झेंड्यांखालून आम्ही प्रार्थनेला गेलो. बेथानीतल्या मरीयेने येशूवर ओतलेले सुगंधी तेल तीनशे दिनारांचे, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या कमाईचे होते, आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदाला मिळाली तीस नाणी. एवढे सांगून बुधवारी थांबावे, तात्पर्य सांगत बसू नये.

गुरुवारी मात्र, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या रात्रीची आठवण म्हणून, घरातच पाय धुवावेत असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचे असते. त्या रात्री ते उलटे होते, आणि म्हणूनच मराठी घरात ही कृती विशेष बोलकी होते. आम्ही परात घेतो; संध्याकाळपर्यंत टाकीचे पाणी कढत असते म्हणून माठातले पाणी त्यात घालतो. वयाने सर्वांत मोठे माणूस सुरुवात करते. माझ्या सासऱ्यांनी गुडघे दुखत असतानाही पाटावर बसून नातवंडांचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतली माती काढली आणि पंच्याने टिपले. मी त्यांचे पाय धुवायला बसले तेव्हा मात्र त्यांनी ते मागे घेतले. "माझे नको, सूनबाई, भेगा पडल्यात." थोरला लगेच म्हणाला, "आबा, पेत्रपण असंच म्हणाला होता." तेव्हा कोठे त्यांनी पाय परातीत ठेवले.

यंदा त्या रात्री गच्चीवर जायचे आम्ही ठरवले आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठचा रविवार ईस्टरचा धरतात, आणि यहुद्यांचे वल्हांडणही पौर्णिमेचेच असते, त्यामुळे येशूने अटकेआधी जेथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेत त्या रात्री चांदणे असणार. या वर्षी, म्हणजे २०२६ मध्ये, गुरुवारी, २ एप्रिलला, आपल्या पंचांगात चैत्री पौर्णिमाच आहे, हनुमान जयंतीही त्याच दिवशी आहे. ज्या चंद्राखाली शिष्य झोपी गेले तोच चंद्र मुलांना दाखवता येईल.

शुक्रवारविषयी दोन गोष्टी मला कळकळीने सांगायच्या आहेत. लहान मुलांसमोर फटक्यांचे आणि खिळ्यांचे रसभरित वर्णन करू नये, आणि 'तुझ्या खोटं बोलण्यामुळे येशूला खिळे ठोकले' असे तर कधीच म्हणू नये. हे ऐकून भेदरलेले मूल मी पाहिले आहे. ते प्रभूजवळ येत नाही, त्याच्यापासून लपू लागते. दुसरे असे की 'यहुद्यांनी येशूला मारले' हे वाक्य घरात उच्चारू नये. येशू यहुदी होता, त्याची आई, पेत्र, कबरेवर गेलेल्या स्त्रिया, देह उतरवणारा योसेफ, सगळे यहुदीच होते, आणि वधस्तंभाची शिक्षा रोमी सुभेदाराने दिली होती. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी मुलांनी एक पाठ करायचा असेल तर मी पहिला निवडेन: "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही."

शनिवारी कोणाकडे तरी जावे हेही सुचवते. गेल्या वर्षभरात ज्या घरी मयत झाली असेल तेथे, सल्ला न देता, अर्धा तास बसून यावे. आमच्याकडे त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मावशी आल्या होत्या. त्या ख्रिस्ती नाहीत. जानेवारीत आमच्या घरी चूल पेटली नव्हती ते तीन दिवस चहा आणि भाकरी त्यांच्याकडूनच येत होत्या, आणि पेटीला खांदा देणाऱ्यांत त्यांचा मुलगा होता. योसेफाची गोष्ट वाचताना मला त्या दोघांची आठवण होते. त्या सासूबाईंविषयी बोलत राहिल्या, आम्ही ऐकत राहिलो.

रात्री मार्कच्या सोळाव्या अध्यायाच्या पहिल्या तीनच ओव्या वाचल्या आणि पुस्तक मिटले. स्त्रिया पहाटे निघाल्या आहेत आणि कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील, असे त्या एकमेकींना विचारत आहेत. "पुढे वाच ना," धाकटी म्हणाली. मी म्हटले, "उद्या." सीताबर्डीच्या फुलबाजारातून आणलेला मोगरा तिने ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवला.

पहाटे साडेचारला मी उठवायला गेले तर ती कपडे घालून, मोगऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती. सूर्योदयाच्या उपासनेआधी आजीच्या कबरेवर जायचे ठरले होते. बाहेर अंधार होता आणि हवेत तेवढ्यापुरता गारवा होता. स्कूटर सुरू केली, तेव्हा मागून तिने विचारले, "मम्मी, इतक्या लवकर कब्रस्तानचं फाटक कोण उघडेल?"

"माहीत नाही," मी म्हटले, "जाऊन तर पाहू."