दाखल्यातला 'इंडिस'

पुण्यातल्या एका जोडप्याचा विवाहनोंदणीचा दाखला आणि नवरा बोटीवर असल्याने त्याच्या नोकरीचं पत्र, असा दोन कागदांचा डच अनुवाद तपासायला आला. कागद नेदरलँड्समधल्या ॲम्स्टलफेनच्या नगरपालिकेत द्यायचे होते. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशीच अडलो. नवऱ्यापुढे 'इंडिस', बायकोपुढे 'इंडिसे'.

एका शब्दात दोन चुका. 'इंडिस' हे विशेषण डच ईस्ट इंडीजचं, म्हणजे १९४९ मध्ये नेदरलँड्सने ज्याचं सार्वभौमत्व सोडलं त्या आजच्या इंडोनेशियाचं. भारताचं विशेषण 'इंडियास'. ('इंडियान्स' आणखी तिसरंच, अमेरिकेतल्या मूलनिवासींचं.)

दुसरी चूक मराठी माणसाकडून हमखास होते. चांगला-चांगली म्हणायची सवय, म्हणून तो शेवटचा 'ए' स्त्रीलिंगाचा समजला जातो. पण रकान्यातलं विशेषण माणसाचं नसतं, 'राष्ट्रीयत्व' या नामाचं असतं. डचमध्ये नामाआधी 'दे' किंवा 'हेट' हे उपपद येतं, इंग्रजीतल्या 'द'सारखं. 'राष्ट्रीयत्व' हे 'दे' लागणारं नाम आहे, म्हणून नवरा असो की बायको, दोघांपुढे 'इंडियासे'च. लिंग दिसतं ते माणसाला नाम लावताना: पुरुष 'इंडिअर', स्त्री 'इंडियासे'. 'इंडिअर' लिहिताना 'ए'वर दोन टिंबं हवीतच, नाहीतर आधीच्या अक्षराशी जुळून तो नुसता दीर्घ 'ई' वाचला जातो.

बाकी मजकुरात प्रत्येक नामापाशी थांबावं लागलं. 'दे'चं नाम असेल तर 'ए' लागतो: 'अन इंडियासे आक्ते', भारतीय दाखला ('अन' म्हणजे 'एक'). 'हेट'चं नाम एकवचनी असून त्याआधी 'अन' असेल किंवा काहीच नसेल, तर लागत नाही: 'नार इंडियास रेख्त', भारतीय कायद्यानुसार. त्याच नामाआधी 'हेट' आलं की 'ए' परत येतो. अनेकवचनात तो नेहमीच. 'ए' जोडला की आधीच्या दोन 'आ' अक्षरांतलं एक गळतं, उच्चार मात्र दीर्घच राहतो. मसुद्यात पहिलं अक्षर सगळीकडे लहान लिपीत होतं. डचमध्ये देशावरून आलेलं विशेषण वाक्याच्या मधोमध आलं तरी मोठ्या अक्षरानेच सुरू होतं.

घाई केली ती 'इंडिस'चे सगळे शब्द संगणकावर एकदम बदलण्याची. नोकरीच्या पत्रात बोटीचा मार्ग दिला होता, तिथे हिंदी महासागराचं 'इंडियासे ओसेआन' होऊन बसलं. डच नकाशावर तो 'इंडिसे ओसेआन'च आहे. तेवढा एक शब्द पुन्हा होता तसा केला.