पिशवीतल्या सात पट्ट्या

पोटाचा रुग्ण वॉर्डात आला की मी आधी औषधांची पिशवी मागते, फाइल मागाहून. मी क्लिनिकल फार्मासिस्ट. रुग्ण काय काय गिळतोय, किती, कधीपासून आणि त्यातलं काय कशाच्या आड येतंय हे शोधणं माझं काम. फाइलमध्ये लिहून दिलेली औषधं असतात, पिशवीत खाल्लेली असतात.

फेब्रुवारीतली गोष्ट. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार, वय ४१, मिरजेला आमच्याकडे दाखल झाले. सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण. गेली दोन वर्षं आजार शांत होता. आता मात्र दिवसाला १४ वेळा जुलाब, प्रत्येक वेळी रक्त आणि आव, अंगात १०१ ताप, नाडी ११२, हिमोग्लोबिन ९.८. ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ मध्ये घालून दिलेला एक निकष आजही वापरात आहे: दिवसाला सहा किंवा जास्त रक्ती जुलाब आणि जोडीला ताप, वेगवान नाडी किंवा कमी हिमोग्लोबिन यांपैकी काही असेल तर आजार तीव्र उसळलाय असं धरायचं. इथे सगळंच बसत होतं. अशा वेळी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड १०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी सुरू करतात, आणि सिस्टरनी ट्रॉली लावूनही ठेवली होती.

त्यांच्या पत्नीने निळी कॅरीबॅग माझ्या हातात दिली. "मॅडम, ह्यात सगळं हाय बघा. दात काढल्यापास्नं गोळ्या उष्ण पडल्या ह्यांना."

दात काढल्यापासून. हे फाइलमध्ये नव्हतं.

टेबलावर सगळं पसरलं. सात तऱ्हेच्या पट्ट्या आणि एक प्लास्टिकची डबी. पट्टीतली फुटलेली घरं मोजायची आणि त्यांना तारीख लावायची, हा माझा नेहमीचा उद्योग. "रोज घेतो" याचा अर्थ माणसागणिक बदलतो. फुटलेलं घर बदलत नाही.

क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक, ३०० मिलिग्रॅम, दिवसाला तीन, पाच दिवस, पंधराच्या पंधरा संपलेल्या. एसीक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराटिओपेप्टिडेझ अशी तीन औषधं एकत्र असलेली दुखण्याची गोळी, दहा संपल्या. आम्लपित्ताची पँटोप्राझोल ४०, अजून चालू. मग मेडिकलमधून आणलेली ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, सहा संपल्या. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड, आठ संपल्या. कोलायटिसची नेहमीची सल्फासॅलाझिन ५०० आणि फॉलिक अ‍ॅसिड. डबीत लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल. त्या सगळ्या गोळ्यांबरोबर एकाच मुठीत घेतलेल्या.

तारखा लावल्यावर चित्र असं: दात काढला त्या दिवसापासून क्लिंडामायसिन. चौथ्या दिवशी पोट बिघडलं, सहाव्या दिवशी रक्त. माल तोडणीला आलेला, व्यापारी बागेत, म्हणून सातव्या दिवशी मेडिकलमधून जुलाबाच्या गोळ्या. दहाव्या दिवशी आमच्याकडे.

क्लिंडामायसिन म्हटल्यावर पोटाच्या डॉक्टरांचे कान टवकारतात, त्याला जुना इतिहास आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत हे औषध दिलेल्या २०० रुग्णांवर लक्ष ठेवलं, तेव्हा दर पाचांत एकाला जुलाब झाले आणि दर दहांत एकाच्या आतड्यावर पिवळट पापुद्रे दिसले. १९७८ मध्ये कारण सापडलं: क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल. हा जंतू १९३५ मध्येच नवजात बाळांच्या शीमध्ये सापडला होता. वाढवायला अवघड म्हणून त्याचं नाव 'डिफिसिलिस'. २०१६ पासून तो क्लॉस्ट्रिडिऑइड्स झाला, पण वॉर्डात सगळे 'सी डिफ'च म्हणतात. आतड्यातले नेहमीचे जिवाणू प्रतिजैविकाने मेले की जागा मोकळी होते, याचे बीजाणू रुजतात आणि त्याची दोन विषं अस्तर सोलून काढतात. ज्याचं अस्तर आधीच दुखावलेलं त्याला तो जास्त गाठतो.

घोळ असा की कोलायटिसची उसळी आणि सी डिफ ही दोन्ही दिसायला सारखी. रक्त तेच, आव तीच, ताप तोच. उसळीला स्टेरॉइड लागतं, जंतूला जंतूवरचं औषध. नुसतं स्टेरॉइड दिलं आणि जंतू निघाला तर आगीत तेल.

मी टेबलाचा फोटो काढून आमच्या पोटाच्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना, पाठवला आणि फोन केला. त्यांनी ट्रॉली थांबवली. शीचा नमुना तपासायला पाठवला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: 'स्टूल रूटीन'मध्ये हा जंतू दिसत नाही, नेहमीच्या कल्चरमध्येही उगवत नाही. नाव घेऊन तपासणी मागावी लागते: जीडीएच (या जंतूचं एक एन्झाइम) आणि टॉक्सिन ए-बी (त्याची दोन विषं). दोन्ही पॉझिटिव्ह आल्या तर निदान पक्कं. एक हो, एक नाही असं आलं तर पीसीआर. नमुना डबीचा आकार घेईल इतका पातळ हवा, घट्ट शीवर ही तपासणी करायचीच नाही. आणि विष खोलीच्या तापमानाला लवकर विरतं, म्हणून दोन तासांत प्रयोगशाळेत, नाहीतर फ्रिजमध्ये.

रक्ताचे आकडे आले. पांढऱ्या पेशी १७,६००, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६. पेशी १५,०००च्या किंवा क्रिएटिनिन १.५च्या वर गेलं की सी डिफ गंभीर धरतात. पोटॅशियम २.९. पोटाच्या एक्स-रेत आडवं मोठं आतडं ५ सेंटिमीटर रुंद. ६च्या वर गेलं की ते फुगून फाटण्याची भीती. लोपेरामाइडचा धोका नेमका हाच: आतडं हलायचं थांबतं, विष आत साठतं, आतडं फुग्यासारखं ताणलं जातं. कमी पोटॅशियमने तेच काम पुढे जातं. लोपेरामाइड, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, दुखण्याची गोळी आणि पँटोप्राझोल तिथल्या तिथे बंद. पोटॅशियमचा १० मिलिलिटरचा एक अँप्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. तो ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये नीट ढवळून, हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही.

रिपोर्टची वाट न पाहता सरांनी सी डिफवरचं व्हॅन्कोमायसिन लिहिलं: तोंडाने, १२५ मिलिग्रॅम, दिवसाला चार वेळा. कॅप्सूल त्या दिवशी मिरज-सांगलीत कुठेच मिळेना. मग आमची नेहमीची युक्ती. इंजेक्शनची ५०० मिलिग्रॅमची व्हायल घ्यायची, १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवायची, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. त्यातलं अडीच मिलिलिटर म्हणजे १२५. ते अर्धी वाटी पाण्यात घालून प्यायचं. चव कडूजहर, म्हणून थोडं सरबत. एका व्हायलमध्ये बरोबर एका दिवसाचे चार डोस होतात. व्हायल फ्रिजमध्ये ठेवायची, २४ तासांनी नवी. सिरिंज सुई नसलेली, तोंडाने औषध द्यायची. आणि व्हायलवर मार्करने ठळक: 'पिण्यासाठी. शिरेत नाही.'

हे लिहावं लागतं, कारण रात्रपाळीच्या सिस्टरचा फोन आलाच. "मॅडम, व्हॅन्को तासाभराच्या ड्रिपमध्येच द्यायचं ना?" त्यांची चूक नाही, इतर सगळ्या आजारांत ते तसंच देतात. पण शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आतड्याच्या पोकळीत पोचत नाही. तोंडाने घेतलं की उलट: रक्तात जवळपास शोषलंच जात नाही, सगळं आतड्यातच राहतं. एरवी जो दोष, तोच इथे गुण. फिडॅक्सोमायसिन २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, हाही चांगला पर्याय. त्याने आजार उलटण्याचं प्रमाण कमी राहतं. पण ते महाग आणि वेळेवर मिळेल याची खात्री नाही.

"पण ऑर्निडाझोल तर चालू होतं, मग जंतू मेला कसा नाही?" असं आमच्या नव्या डॉक्टरने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याच घराण्यातलं मेट्रोनिडाझोल पूर्वी या जंतूवर पहिलं औषध होतं. पण ते तोंडाने घेतलं की वरच्या आतड्यातच जवळजवळ सगळं शोषलं जातं. मोठ्या आतड्यात थोडंच उतरतं. आणि सोबतचं ऑफ्लॉक्सासिन हे स्वतःच सी डिफला वाट करून देणाऱ्या औषधांपैकी एक. जुलाब लागले की हीच जोडगोळी मागायची सवय आपल्याकडे घराघरांत आहे. निरोगी पोटात ती बहुधा खपून जाते.

संध्याकाळी रिपोर्ट आला. जीडीएच पॉझिटिव्ह, टॉक्सिन पॉझिटिव्ह.

सरांनी स्टेरॉइड ४८ तास थांबवायचं ठरवलं, नाडी आणि पोटाचा घेर दर सहा तासांनी पाहत. हे सगळ्यांना लागू नाही. पुष्कळदा दोन्ही एकत्र सुरू करावी लागतात. दुसऱ्या दिवशी छोटी दुर्बीण घातली, हवा कमीत कमी भरून. व्रण दिसले, पिवळे पापुद्रे नव्हते. कोलायटिसच्या रुग्णांत ते बहुधा नसतातच, म्हणून 'पापुद्रे नाहीत म्हणजे सी डिफ नाही' हा तर्क इथे चालत नाही. रक्त पडत असूनही एनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन ४० मिलिग्रॅम रोज चालू ठेवलं. घरच्यांना ते विचित्र वाटलं, पण सुजलेल्या आतड्याच्या रुग्णाच्या पायात गुठळी होण्याचा धोका मोठा असतो.

खोलीतली हँड सॅनिटायझरची बाटली मी उचलून नेली. अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी, दोन्ही हात मनगटापर्यंत चोळून. संडास वेगळा, भांडं आणि फरशी ०.५ टक्के हायपोक्लोराइटने, ओलं दहा मिनिटं राहू द्यायचं.

चौथ्या दिवशी जुलाब ५ वर आले. स्टेरॉइड लागलं नाही.

आता खरं दुखणं. सल्फासॅलाझिन हे दोन औषधं एकत्र जोडून केलेलं. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो जोड तोडतात, तेव्हाच त्यातलं कामाचं औषध मोकळं होतं. जिवाणू मेले की तोडणारं कोणी नाही. म्हणजे क्लिंडामायसिनने एका बाजूला जंतूला जागा दिली आणि दुसऱ्या बाजूला नेहमीच्या गोळीचा जोर काढून घेतला. एसीक्लोफेनॅकसारख्या गोळ्या कोलायटिस उसळवू शकतात ते वेगळंच. पँटोप्राझोलने जठरातलं आम्ल कमी होतं, आणि ते घेणाऱ्यांत सी डिफ जास्त दिसतो. दाताच्या चिठ्ठीवर या तिघी बहिणी हातात हात घालून येतात. एकटं अँटिबायोटिक क्वचितच येतं. सरांनी सल्फासॅलाझिन बदलून मेसालामाइन दिलं; त्याचं आवरण आम्लता कमी झाल्यावर विरघळतं, त्याला जिवाणूंची गरज नसते.

लॅक्टोबॅसिलसची कॅप्सूल अँटिबायोटिकबरोबर एकाच मुठीत घेतली तर बरेचसे जिवाणू तिथेच मरतात; दोन-तीन तासांचं अंतर हवं. सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट आहे, तिला अँटिबायोटिक मारत नाही, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा मानेच्या मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) असेल तर ती देऊ नये, रक्तात उतरू शकते. तसंही प्रोबायोटिकवर फार भिस्त नको. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमान इन्स्टिट्यूटने निरोगी माणसांना अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक दिलं, तेव्हा त्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला.

घरी जाताना मी त्या बागायतदार दादांना व्हॅन्कोमायसिन चौदा दिवसांपर्यंत पुरं करायला सांगितलं; कोलायटिस असलेल्याला दहा दिवस अपुरे धरतात. बरं वाटल्यावर शी पुन्हा तपासून आणायची नाही, पोट ठीक असूनही आठवडे पॉझिटिव्ह येत राहते. पण पुढचे दोन-तीन महिने एका दिवसात तीन पातळ झाल्या तर फोन, मेडिकलची पायरी नाही. दर चार-पाचांत एकाला आजार उलटतो. दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल ५००, दोन गोळ्या, दिवसात सहापेक्षा जास्त नाही. पुढच्या वेळी अँटिबायोटिक लागलंच तर लिहिणाऱ्याला आधी कोलायटिस आणि हा प्रकार सांगायचा आणि विचारायचं: लागतंच का, किती कमी दिवस चालेल? नुसता दात काढल्यावर, ताप नि पसरती सूज नसेल तर, पुष्कळदा लागतच नाही.

राहिला एकच प्रश्न: मुळात क्लिंडामायसिन का? दादा म्हणाले, "मला पेनिसिलिन चालत नाही. लहानपणीच सांगितलंय." दातांच्या डॉक्टरांनी तेवढं ऐकून त्याच घराण्यातलं अ‍ॅमॉक्सिसिलिन टाळलं, त्यांच्या जागी मीही टाळलं असतं. पण असा शेरा असलेल्या दहांतल्या नऊ जणांना तपासल्यावर खरी अ‍ॅलर्जी निघत नाही. मी त्यांच्या आईला फोन लावायला सांगितला.

"अगं बाई, त्याला गोवर आला होता," म्हातारी म्हणाली. "अंगभर पुरळ उठलं म्हणून तर सुईला नेला."

पुरळ आधी, सुई नंतर. तीन महिन्यांनी, पोट पूर्ण शांत असताना, आमच्या ओपीडीत, अॅलर्जीचा झटका आलाच तर लागणारं अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवून अ‍ॅमॉक्सिसिलिनचा एक डोस दिला आणि तासभर बसवून ठेवलं. काही झालं नाही. आमच्या फाइलवरचा लाल शेरा सरांनी खोडून सही केली. दातांच्या दवाखान्यातल्या केसपेपरवर तो अजून तसाच होता, म्हणून त्या डॉक्टरांच्या नावाने वेगळी चिठ्ठी लिहून दिली.