लाल ठिपका जागेवर राहतो का?

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी दीड हजार रुपयांची रेड डॉट साइट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारे नेम धरण्याचे साधन, घेतली. चाळिशी लागल्यापासून नेम धरण्यासाठी रायफलीवर असलेली मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसेनाशा झाल्या होत्या. रेड डॉटमध्ये लक्ष्याकडेच बघत राहून ठिपका त्यावर टेकवता येतो, ही मोठी सोय आहे. साताऱ्याजवळच्या आमच्या शेतघरामागे, वाळूच्या पोत्यांसमोर, १० मीटरवरून मारलेले छर्रे पहिला आठवडाभर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसत होते. तीनशेएक छर्ऱ्यांनंतर मात्र ते डावीकडे सरकू लागले. नेम जुळवावा, पाच छर्रे नीट बसावेत आणि सहावा पुन्हा बोटभर बाजूला जावा, असे होऊ लागले.

साइट उतरवली तेव्हा रेलच्या, म्हणजे ती जिच्यावर बसवतात त्या रायफलीवरच्या पट्टीच्या, काळ्या रंगावर दोन मिलिमीटरची चकचकीत रेघ उमटलेली दिसली, म्हणजे साइट जागची हलत होती. स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्या पुढे झेपावताना रायफल मागे धक्का देते, आणि तोच दट्ट्या दाबलेल्या हवेवर अडून थांबताना ती पुढे हिसका खाते. काडतुसाच्या बंदुकीचा धक्का कितीतरी मोठा असला तरी तो मुख्यतः मागच्या दिशेचा असतो. हा दुहेरी हिसका स्वस्त साइटचे बारीक स्क्रू लवकर सैल करतो.

स्क्रू घट्ट करून अर्धाच दोष गेला. मग साइटचा नेम जुळवायचा स्क्रू फिरवताना होणारा प्रत्येक ‘क्लिक’ मोजत ठिपका २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली आणि २० डावीकडे नेऊन पाहिला. शेवटचा छर्रा पहिल्याच भोकाशी यायला हवा होता. तो सेंटिमीटरभर अलीकडे लागला आणि त्यापुढचा, काहीही न फिरवता, बरोबर जागी बसला. साइटच्या आतली स्प्रिंग दुबळी असल्यामुळे क्लिक वाजते, पण ठिपका पुढच्या धक्क्यापर्यंत अडकून राहतो. कोणतीही स्वस्त साइट घेतल्यावर ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

ठिपका फाटलेला किंवा स्वल्पविरामासारखा दिसला, तर आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. तेथे तो गोल दिसत असेल, तर दोष साइटचा नसून आपल्या डोळ्याचा असतो. खोक्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर मात्र विसंबू नये. आयपीएक्स७ या पाणीरोधक दर्जाचा मात्र १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणे, असा निश्चित अर्थ असतो. आकडा नसेल तर तो शब्द पोकळ समजावा. आमच्याकडच्या जुलैत माझी साइट कपाटात असूनही काचेवर आतून वाफ धरली आणि बॅटरीच्या पत्रीवर हिरवट थर आला. नामांकित कंपन्यांच्या महागड्या साइट एका बॅटरीवर ५०,००० तास चालतात, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक. त्यांचा जास्तीचा पैसा काचेइतकाच, ओल आत न येऊ देणाऱ्या बंदिस्तपणाचाही असतो.

सध्या ती साइट पुतण्याच्या, आधी हवा भरून ठेवण्याच्या रायफलीवर आहे. त्या रायफलीला धक्का जवळजवळ नसतोच, आणि चारशे छर्ऱ्यांनंतरही तेथे ठिपका हललेला नाही.