केमो चालू असताना आतडं जपायला अँटिऑक्सिडंट द्यावीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून आधी उत्तर. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडेशनमुळे पेशींना होणारी इजा रोखणारे पदार्थ. ताटातली हळद, आवळा, डाळिंब यांना हरकत नाही. हळदीच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन सी-ई, ग्रीन टीचा अर्क असे बाटलीतले मोठे डोस मात्र स्वतःच्या मनानं देऊ नका.

त्यांनी आतडं जपलं जाईल ही आशा निराधार नाही. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध दिलेल्या उंदरांत एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंटनं आतड्याची इजा कमी झालेली दिसली आहे. पण तेच कवच कर्करोगाच्या गाठीलाही मिळालं तर? स्तनाच्या कर्करोगाच्या एका अमेरिकी अभ्यासात (2020) केमोआधी आणि केमोदरम्यान अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तो फरक आकडेशास्त्रात पक्का ठरला नाही, तरी दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. ग्रीन टीतला ईजीसीजी हा अँटिऑक्सिडंट तर बोर्टेझोमिब या कर्करोगावरच्या औषधाला थेट चिकटून त्याचा असर घालवतो, हे 2009 मध्येच प्रयोगशाळेत दिसलं.

शिवाय आतड्याचं दुखणं एकट्या ऑक्सिडेशनचं नसतं. त्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं आणि भराभर वाढणाऱ्या पेशींवरच केमोचा घाव बसतो. इरिनोटेकान या केमोच्या औषधाची वाट आणखी वेगळी. यकृत त्याचं विषारी रूप बांधून पित्तातून आतड्यात सोडतं, तिथले जिवाणू ते बंधन सोडवून विष पुन्हा मोकळं करतात आणि काही दिवसांनी जुलाब लागतात. त्यावर खरा उपाय लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं असेल, तर पहिल्याच पातळ शौचाला 4 मिलिग्रॅम, मग दर 2 तासांनी 2 मिलिग्रॅम (रात्री दर 4 तासांनी 4 मिलिग्रॅम), 12 तास शौच न होईपर्यंत. 48 तासांपुढे नाही. 'एक-दोन वेळा होऊ दे, मग बघू' असं म्हणण्यातच बहुतेकांचं बिघडतं. सोबत ओआरएस, 1 लिटरचं अख्खं पाकीट मोजून 1 लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं, तर क्षार जास्त होऊन जुलाब वाढतात.

नकळत घात करते ती साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळी. तिच्यातलं फॉलिक ॲसिड कॅपेसिटाबिन आणि 5-एफयू या केमोच्या औषधांची विषबाधा वाढवू शकतं, म्हणजे ज्या जुलाबांसाठी गोळी दिली तेच वाढतात. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध चालू असेल तर मात्र फॉलिक ॲसिड आणि बी-12 घ्यावंच लागतं, ते आपण होऊन बंद करू नका. म्हणूनच आम्ही म्हणतो, औषधाचं नाव कळल्याशिवाय 'चालेल' म्हणता येत नाही.

ताप 100.4 फॅरनहाइट झाला, शौचात रक्त दिसलं, पोटात पाणीही टिकेना किंवा लघवी कमी झाली, तर घरी लोपेरामाइड वाढवत बसू नका. रात्र असली तरी रुग्णालयात जा. आणि घरातल्या सगळ्या बाटल्या, आयुर्वेदिक काढ्यांसकट, पिशवीत घालून केमोच्या पुढच्या सायकलच्या (फेरीच्या) आधी डॉक्टरांसमोर ठेवा.